उस्तादांना घर, कोचला हॉटेल

मुंबई सिटी एफसीनं इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल लीगचा चषक पहिल्यांदा उचलला तो १३ मार्च २०२१ ला, गोव्यात, फातोर्ड्याच्या रिकाम्या स्टेडियममध्ये. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं चेंडू जाळ्यात मारला, एटीके मोहन बागान हरलं, आणि कांदिवलीच्या आमच्या घरात मी इतका मोठ्यानं ओरडलो की शेजाऱ्यांनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. कोविडमुळे तो सबंध हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना खेळवला गेला होता. कोच होते स्पेनचे सर्जिओ लोबेरा. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत ते चीनमधल्या एका क्लबकडे गेले. ज्या माणसानं मुंबईला लीगमधलं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं, त्यानं मुंबईचा कोच म्हणून मुंबईत एकही सामना लढवला नाही.

त्यात लोबेरांची चूक नव्हती. साथीचे दिवस होते. तरीही ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ज्या वर्षी साथ नव्हती, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात स्टँड भरलेले होते, त्याही वर्षी आपले कोच असेच आले आणि असेच गेले. पीटर रीड, निकोला आनेल्का, अलेक्सांद्रे गिमारायस, जॉर्ज कोस्टा, लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेत्र क्रात्की. २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सात मुख्य कोच, सातही परदेशी. यातल्या काहींनी उत्तम काम केलं. पण मालवणीत, वाकोल्यात, धारावीत पोरांना शिकवणाऱ्या एखाद्या कोचला विचारा की या सात जणांपैकी कुणाचं एक तरी सेशन तू जवळून पाहिलंस का. मी बऱ्याच जणांना विचारलं आहे. उत्तर जवळजवळ नेहमी नकारार्थी आलं.

भारतीय संघ हरला की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा पेटतो: परदेशी कोच हवेत कशाला? एक बाजू म्हणते, आपल्या माणसांना संधी कधी देणार? दुसरी म्हणते, आपल्या माणसांना येतं काय? मला वाटतं हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. कोचचा पासपोर्ट कुठला हा प्रश्न नंतरचा. तो इथे राहायला आला की नुसता उतरायला आला, हा पहिला. आणि तो राहावा अशी अट किंवा अशी इच्छा आपण कधी दाखवली का, हा त्याच्याही आधीचा.

आपल्याला हे जमत नाही असं नाही. गाण्यात आपण हे केलेलं आहे. अल्लादिया खाँसाहेब जयपूरकडच्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरला दरबारगायक म्हणून ठेवून घेतलं. ठेवून घेतलं, हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. एका मैफलीची बिदागी देऊन रवाना केलं नाही. महाराज १९२२ मध्ये गेले, त्यानंतर खाँसाहेब मुंबईत आले आणि १९४६ मध्ये या शहरातच त्यांनी डोळे मिटले. केसरबाई केरकर त्यांच्याकडे शिकल्या, मोगूबाई कुर्डीकर शिकल्या, आणि मोगूबाईंकडून ते गाणं किशोरीताईंकडे आलं. तिकडे कैरान्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. त्यांनी सवाई गंधर्वांना शिकवलं आणि सवाई गंधर्वांनी भीमसेनजींना. आज जयपूर आणि किराणा ही परमुलखातल्या गावांची नावं मराठी रसिक आपल्या घरची असल्यासारखी घेतो. बाहेरून आलेल्या माणसाची विद्या दोन पिढ्यांत इथली झाली.

ती कशी झाली, त्याची रीत साधी होती. उस्तादाला घर दिलं, पोटापाण्याची चिंता मिटवली, वर्षंच्या वर्षं दिली, आणि त्याच्या मागे तंबोऱ्यावर शिष्य बसवले. हा मागे बसलेला शिष्य फार मोलाचा. मैफल ऐकून लोक घरी जातात, विद्या त्याच्याकडे राहते. आपल्या फुटबॉलनं उस्ताद आणले, पैसे मोजले, टाळ्याही वाजवल्या. मागे शिष्य बसवायचं मात्र राहून गेलं.

असं का झालं, यामागे कारणं आहेत, कुणा एकाचा दुष्टपणा नाही. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा होता. ऑक्टोबरात यायचं, डिसेंबरात परत जायचं. एवढ्यासाठी कोण घर भाड्यानं घेईल? कोच हॉटेलात उतरला, हॉटेलातून सरावाला गेला, हॉटेलातूनच विमानतळावर गेला. पुढे हंगाम लांबला, पण सवय तीच राहिली. त्यात चार-पाच सामने हरले की नोकरी जाते हे कोचला ठाऊक असतं. अशा माणसापुढे एका बाजूला तयार, तीस वर्षांचा, चार क्लब फिरून आलेला खेळाडू आहे आणि दुसऱ्या बाजूला बांद्र्याचा किंवा कुलाब्याचा अठरा वर्षांचा कच्चा पोरगा आहे. तो कुणाला उतरवेल? मीही त्याच्या जागी असतो तर तयार खेळाडूच उतरवला असता. पोरगा घडायला दोन वर्षं लागतात आणि कोचकडे पुढच्या रविवारपर्यंतचाच वेळ असतो.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत लीगनं टप्प्याटप्प्यानं नियम बदलले. सुरुवातीला मैदानावर एका संघाचे सहा परदेशी चालत, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. त्यामुळे भारतीय खेळाडूंना जागा झाली. कोचच्या बाबतीत एक भारतीय सहायक असावा एवढ्यावर काम भागवलं गेलं. तो सहायक काय करतो, त्याला सरावाची आखणी करू देतात का, विश्रांतीच्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये बोलू देतात का, हे कुणी विचारत नाही. काही ठिकाणी तो खरोखर कोच असतो. काही ठिकाणी तो सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडतो आणि दुभाष्याचं काम करतो.

सहायकाला खरं काम दिलं की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या शेजारी गोव्यातच आहे. लोबेरा मुंबईच्या आधी एफसी गोव्याचे कोच होते. २०२० च्या जानेवारी अखेर, साखळी फेरी संपत आलेली असताना, क्लबनं त्यांना दूर केलं आणि उरलेल्या सामन्यांची सूत्रं क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे दिली. गोव्यानं साखळीत पहिलं स्थान मिळवलं. याच मिरांडांनी २०२३ मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तोही हंगामी कोच म्हणून. लोबेरांचा संघ कसा विचार करतो हे त्यांनी आतून पाहिलं होतं. तंबोऱ्यावर बसलेल्या माणसाला वेळ आली तेव्हा गाता आलं.

मुंबईत तर याहून जुनी आणि लांब साखळी आहे. इंग्लंडचे डेव्हिड बूथ महिंद्र युनायटेडचे कोच होते. २००७ मध्ये मुंबई एफसी (मुंबई सिटीहून वेगळा, जुना क्लब) निघाली तेव्हा तिचीही धुरा त्यांच्याकडेच होती. खालिद जमील या दोन्ही संघांच्या चमूत होते. जन्म कुवेतचा, फुटबॉल मुंबईचं. खेळ थांबला आणि २००९ मध्ये जमील मुंबई एफसीचे कोच झाले. पुढची सात वर्षं ते तिथेच राहिले. क्लबकडे पैसा नव्हता, मोठी नावं नव्हती, चषक एकही आला नाही. दरवर्षी खालच्या श्रेणीत घसरण टाळणं हेच यश. पण सात वर्षं एकाच माणसाच्या हाताखाली राहिल्यानं जयेश राणे, राहुल भेके अशी मुंबईची मुलं उभी राहिली. २०१६ मध्ये जमील मिझोरमला ऐजॉल एफसीकडे गेले. राणेही तिथे गेला. एप्रिल २०१७ मध्ये ऐजॉल आय-लीग जिंकलं, ईशान्येकडच्या क्लबनं देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. भेके पुढे मुंबई सिटीचा कर्णधार झाला आणि २०२४ चा चषक त्याच्याच हातात होता. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताचे कोच झाले तेव्हा त्यांच्या संघातही भेके होता.

बूथ यांनी जमील यांना नेमकं काय शिकवलं हा हिशेब मी मांडू शकत नाही, आणि जमील यांचं कर्तृत्व त्यांचं स्वतःचं आहे. पण एक परदेशी माणूस या शहरात काही वर्षं राहतो, त्याच्या हाताखालचा खेळाडू कोच होतो, तो कोच काही वर्षं टिकतो आणि त्याच्या हाताखाली मराठी घरातला एक बचावपटू तयार होतो, एवढी साखळी मला स्पष्ट दिसते. झगमगाट असलेल्या क्लबांच्या दहा वर्षांत अशी दुसरी साखळी मला सापडत नाही. आणि मुंबई एफसी? २०१७ मध्ये ती खालच्या श्रेणीत गेली आणि तिचा मोठा संघ संपला. महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता.

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण नव्या वाचकाला याची कल्पना नसते. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, महिंद्र, आरसीएफ, बँका, रेल्वे. मुंबईचं फुटबॉल या कंपन्यांच्या संघांवर उभं होतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा याच मुंबईच्या मैदानांवर खेळले. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची, तो दुपारी कचेरीतून सुटून कूपरेज मैदानावर यायचा, आणि खेळ संपल्यावर शाळेतल्या पोरांना शिकवायचा. माझे शाळेतले सर असेच होते. बँकेत कॅशिअर, संध्याकाळी आमचे कोच. त्यांच्या शिट्टीला मी अजून ओळखेन. त्या नोकऱ्या गेल्या, १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स चषक एकविसाव्या शतकाच्या उंबऱ्यावर बंद पडला, आणि त्याबरोबर मुंबईत देशी कोच तयार होण्याची वाटच बुजली. मग आपण बाहेरून कोच आणायला लागलो आणि म्हणू लागलो की आपल्याकडे कोच नाहीत.

आता बाहेरून येणाऱ्याच्या बाजूनं पाहू. हौसेखातर घर सोडणारे कोच थोडे. बहुतेकांना आपल्या देशात दार उघडत नाही म्हणून ते निघतात. डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डचे. मोठा खेळाडू म्हणून नाव नाही, त्यामुळे इंग्लंडमध्ये मुख्य कोच म्हणून कोण घेणार? ते न्यूझीलंडला गेले, एकतिसाव्या वर्षी वेलिंग्टन फीनिक्सचे मुख्य कोच झाले, मग तिथल्या युवा संघांकडे, मग मेलबर्न, आणि २०२१ मध्ये मुंबई. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला त्यांच्या मुंबई सिटीनं इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. दोन वर्षांनी गावच्या क्लबनं, ऑक्सफर्ड युनायटेडनं, त्यांना बोलावून घेतलं आणि २०२४ मध्ये त्यांनी तो वरच्या श्रेणीत नेला. म्हणजे गावच्या क्लबचा विश्वास बसेल इतकी पत त्यांना मुंबईत मिळाली. त्यांचं भलं झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या दोन वर्षांत ते सरावाच्या वहीत काय लिहीत होते, चेंडू मागून पुढे कसा आणायचा हे मिझो आणि मणिपुरी पोरांना कसं समजावत होते, ते या शहरातल्या शाळांच्या कोचपर्यंत यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी नाकारलं असतं असं मला वाटत नाही. आपण मागितलंच नाही.

गिमारायस यांची गोष्ट तर मला सगळ्यात जास्त हलवते. जन्म ब्राझीलचा, लहानपणी कोस्टा रिकाला आले, तिथलेच नागरिक झाले, आणि १९९० च्या विश्वचषकात कोस्टा रिकाकडून खेळले. त्या संघाचे कोच होते बोरा मिलुटिनोविच, स्वतः युगोस्लाव्हियातून निघालेला माणूस, ज्यानं मेक्सिको, कोस्टा रिका, अमेरिका, नायजेरिया आणि चीन अशा पाच देशांना पाच विश्वचषकांत नेलं. बारा वर्षांनी, २००२ मध्ये, गिमारायस कोस्टा रिकाचे कोच होते आणि समोर बोरांचा चीन. शिष्याचा संघ २-० नं जिंकला. एका स्थलांतरितानं दुसऱ्या स्थलांतरिताला घडवलं आणि फायदा कोस्टा रिकासारख्या छोट्या देशाचा झाला. हे गिमारायस २०१६ मध्ये मुंबईला आले, पहिल्याच वर्षी संघाला साखळीत अव्वल नेलं आणि २०१८ मध्ये गेले. बाहेरून येऊन एका देशाचं होणं म्हणजे काय, हे आपल्या अंगावर जगलेला माणूस दोन वर्षं आपल्यात होता. मुंबईसारख्या, बाहेरून आलेल्यांनी वसवलेल्या शहरात. मला त्यांना गाठून विचारायचं होतं की तुम्ही कोस्टा रिकाचे कधी झालात, कशानं झालात. धाडस झालं नाही.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो वजनदार आहे. १९३० पासून २०२२ पर्यंत पुरुषांचा एकही विश्वचषक परदेशी कोचनं जिंकून दिलेला नाही. खरं आहे. पण जिंकणाऱ्या देशांनी आधी कुणाकडून काय घेतलं, तेही पाहायला हवं. इंग्लंडचे जिमी होगन ऑस्ट्रियात शिकवायला गेले, १९१४ चं महायुद्ध पेटलं तेव्हा शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अडकले, आणि तिथून बुडापेस्टला जाऊन एमटीके क्लबच्या पोरांना शिकवत राहिले. १९५३ मध्ये हंगेरीनं वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ असं लोळवलं, तेव्हा त्या संघाचे कोच हंगेरियनच होते, पण हंगेरीच्या लोकांनी उघडपणे सांगितलं की हा खेळ आम्हाला होगननं शिकवला. सामना देशी कोचनं जिंकला, पाया परदेशी कोचनं घातला, आणि या दोन्हींच्या मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली. परदेशी आणि देशी हे एकमेकांचे शत्रू नाहीत. एकानंतर दुसरा येतो, आणि दुसरा यावा म्हणून पहिल्यानं पुरेसं राहावं लागतं.

भारतीय संघाच्या बाबतीत हे मध्ये गेलेलं अंतर नुसतंच रिकामं आहे. उझबेकिस्तानचे रुस्तम अक्रमोव कोच असताना, फेब्रुवारी १९९६ मध्ये, भारत जागतिक क्रमवारीत ९४ वा होता. त्यापेक्षा वर आपण आजवर गेलेलो नाही. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी दुसऱ्या खेपेत १७३ वरून ९६ पर्यंत आणलं, पण २०१९ च्या आशियाई चषकात बहारीनकडून शेवटच्या क्षणी हरलो आणि ते त्याच दिवशी पायउतार झाले. प्रत्येक जण गेला तशी त्याची वही त्याच्याबरोबर गेली, आणि पुढच्यानं पहिल्या पानापासून सुरुवात केली. जमील आल्यावर सगळं बदलेल असं म्हणणाऱ्यांनाही ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावात सिंगापूरकडून झालेला पराभव पाहावा लागला. नुसता देशी कोच बसवून तीस वर्षांचं रिकामपण भरत नाही. जमील यांना वेळ मिळायला हवा, तसाच तो परदेशी माणसालाही मिळायला हवा होता.

क्रिकेटमध्ये मात्र आपण दुसऱ्या बाजूला उभे आहोत, आणि तिथे आपल्याला हे चटकन समजतं. शिवाजी पार्कचे संदीप पाटील केनियाचे कोच होते. २० मार्च २००३ ला डर्बनमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्यांचा केनिया भारतासमोर उभा राहिला. केनियाच्या खेळाडूंना नैरोबीहून तिथवर आणणारा माणूस आपल्या दादरचा, याचा आपल्या सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता. मुंबईचेच लालचंद राजपूत अफगाणिस्तानचे कोच असताना, २०१७ मध्ये, त्या देशाला कसोटी दर्जा मिळाला. काबूलमधल्या कुणी म्हटलं असतं की हा परका माणूस कशाला, तर आपल्याला केवढं लागलं असतं! मग अंधेरीत आलेल्या माणसाबद्दल आपण तेच वाक्य इतक्या सहज कसं बोलतो?

आणि हे फक्त मोठ्या क्लबांच्या मोठ्या पगाराच्या माणसांबद्दल नाही. आमच्या भागातल्या एका टर्फवर पश्चिम आफ्रिकेतून आलेला एक कोच आहे. स्पर्धा खेळायला आला होता, गुडघा गेला, मग मुलांना शिकवायला लागला. माझा मुलगा त्याच्याकडे तीन वर्षं गेला. त्याचं हिंदी आमच्या गल्लीतलं आहे, पोरांना तो ‘पहले देख, फिर मार’ म्हणून ओरडतो, आणि आता ती सगळी पोरं चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे पाहतात. ही एवढी छोटी गोष्ट शिकवायला माझ्या लहानपणी कुणी नव्हतं. या माणसानं दोन वर्षांत तीन घरं बदलली. एका सोसायटीनं घरमालकाला सांगितलं की रंगाचा प्रश्न नाही, पण लोकांना बरं वाटत नाही. एका वर्षी व्हिसाच्या कागदांवरून महिनाभर तो टर्फवर आला नाही आणि आम्ही पालक नुसते वाट बघत बसलो. आमच्यापैकी कुणी त्याच्याबरोबर जाऊन उभं राहिलं नाही. मीही नाही. हे मला आज खटकतं म्हणून लिहितो आहे. त्याच्या हाताखाली दोन कॉलेजची मुलं तयार झाली, एकानं कोचिंगचा डी-लायसन्स कोर्स पूर्ण केला आणि आता चारकोपच्या शाळेतल्या मुलींना शिकवतो. शहरातल्या सर्वात श्रीमंत क्लबला दहा वर्षांत जे करता आलं नाही, ते एका टर्फवर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसानं केलं, कारण तो इथे राहिला.

कोलकात्यात हे अधिक सहज घडलं आहे. इराणचे जमशिद नस्सिरी शिकायला भारतात आले, १९८० मध्ये ईस्ट बंगालकडून खेळले, आणि कोलकात्याचेच झाले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या मुलानं, कियाननं, मोहन बागानकडून उतरून ईस्ट बंगालविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा बंगाली वर्तमानपत्रांना तो घरचाच पोरगा होता. शेजारच्या बांगलादेशाचंही पाहा. स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आधी गोव्यात आणि मुंबईत काम करून गेले, इथे त्यांना फार काळ कुणी ठेवलं नाही. ढाक्यात बसुंधरा किंग्जनं ठेवून घेतलं आणि त्यांनी सलग पाच वेळा लीग जिंकून दिली. तोच माणूस, तीच विद्या.

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप, अनेक देशांत क्लब असलेला समूह, मुंबई सिटीतून बाहेर पडला. २०१९ मध्ये त्यांनी क्लबचा मोठा हिस्सा घेतला होता. बकिंगहॅम आणि क्रात्की दोघेही त्याच समूहाच्या मेलबर्नच्या क्लबमधून इथे आले. ती वाट आता बंद झाली, आणि लीगच्या भवितव्यावरच प्रश्नचिन्ह लागल्यामुळे सहा वर्षांत इथे काय रुजलं हा प्रश्न सगळ्यांसमोर आला आहे. चषक कपाटात आहेत. त्या सरावाच्या पद्धती जाणणारे मुंबईतले किती कोच आहेत? ही संख्या कुणी जाहीर केली तर मी ती चषकांच्या संख्येहून आधी वाचेन.

पैसे कमी झालेत, लीग अस्थिर आहे, अशा वेळी क्लब म्हणतील की कोचला तीन वर्षांचा करार देणं परवडत नाही. हे मला समजतं. दर सहा महिन्यांनी कोच काढून त्याची भरपाई देणंही परवडत नाही, हे त्यांनीही समजून घ्यावं. करारात दोन हंगामांची किमान हमी असावी आणि त्या बदल्यात कोचवर दोन बंधनं असावीत. भारतीय सहायकानं आठवड्यातून निदान एक सराव पूर्णपणे स्वतः आखावा आणि घ्यावा. आणि महिन्यातून एकदा मुंबईच्या शाळा-मोहल्ल्यांतल्या कोचसाठी सराव उघडा ठेवावा, त्यांना नुसतं बघू द्यावं आणि नंतर अर्धा तास प्रश्न विचारू द्यावेत. लायसन्सचे कोर्स आहेत, ते हवेतच, पण वर्गात बसून शिकणं वेगळं आणि हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोच संघाशी कसा बोलतो हे दहा फुटांवरून पाहणं वेगळं. क्लबांना खेळण्याचा परवाना देणाऱ्या संघटनांना त्यांच्याकडे स्टेडियमचे दिवे किती लक्सचे आहेत हे विचारता येतं, तर हेही विचारता येईल.

पत्रकार मित्रांनाही एक विनंती. नव्या कोचच्या पहिल्या पत्रकार परिषदेत ‘मुंबई कशी वाटली, वडापाव खाल्ला का’ हे विचारणं पुरे झालं. तुमचा सहायक कोण, त्याला काय काम दिलं आहे, तुमचं घर कुठे आहे, मुलं इथल्या शाळेत जाणार का, हे विचारा. उत्तर ऐकून लगेच कळेल की माणूस राहायला आला आहे की उतरायला.

रविवारी सकाळी कूपरेजला किंवा अंधेरीला दोन तास. मालवणीपासून मानखुर्दपर्यंतचे चाळीस कोच कठड्याला टेकून उभे, हातात वही. त्यासाठी लागतं एक मैदान, थोडी बिब्स, आणि हिंदी-मराठीत समजावून सांगणारा एक सहायक. तो सहायक क्लबच्या पगारावर आजही आहे.